ताडपत्रीची खोली

दादा गेला आणि आईची झोप गेली. सुरुवातीला घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, येणारा-जाणारा रडत होता, तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आबा दुकानात जाऊ लागले, माझं कॉलेज सुरू झालं, आणि मग दिसायला लागलं की आई स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसते ती बसतेच. अंथरूण घालून दिलं तर त्याच्या कडेला बसायची, अंग टाकायची नाही. पहाटे मी उठून पाहावं तर तशीच, पदर सावरलेला, डोळे उघडे. कुणीतरी हाक मारणार आहे आणि ती चुकता कामा नये, अशी. दिवसभर कामं करायची, पण भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि तव्यावरच्या भाकरीचा करपल्याचा वास घरभर सुटायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा हे आमच्या घरचं रोजचं जेवण. त्या महिन्यांत आम्ही ती करपलेलीच खाल्ली.

आमचं घर मेहरूणला, तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. माझे वडील, आबा, मूळचे सावद्याचे, केळीवाल्यांच्या घरातले. शेती भावांच्या हवाली करून ते जळगावात आले आणि त्यांनी ताडपत्रीचं दुकान टाकलं. केळीच्या आणि कापसाच्या ट्रकांवर घालायच्या ताडपत्र्या आमच्याकडे शिवल्या जात. दुकानात जागा पुरायची नाही म्हणून दोन जाड मशिनं घरच्या ओसरीत ठेवलेली होती. त्यांची धडधड, कॅनव्हासला लावायच्या मेणाचा वास आणि पितळी कड्या ठोकण्याचा आवाज, यांतच दादा आणि मी लहानाचे मोठे झालो. दादा, म्हणजे सुधीर, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्या धडधडीत तो अभ्यास करायचा आणि मशीन थांबलं की त्याचं लक्ष उडायचं. त्याला कावीळ झाली तेव्हा साधीच आहे असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टर घरी येऊन पाहून जात. एका दुपारी मी कॉलेजातून घरी आले तर दारात चपलांचा ढीग होता. त्या दुपारी घरात काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याचं नाव घेणंच घरात बंद झालं. ओसरीतली मशिनंही आबांनी बंद ठेवली.

आईला घेऊन आम्ही धुळ्याला एका डॉक्टरांकडे जायला लागलो. त्यांच्या गोळ्यांनी आईचे हात थरथरायचे, तोंड कोरडं पडायचं, पण डोळा लागत नसे. एकदा परतताना उशीर झाला आणि एसटी चुकली. धुळ्यात आबांचे जुने स्नेही होते, याकूबमिस्त्री. ट्रकच्या बॉडी बांधायचे, त्यांच्या ताडपत्र्या आमच्याकडून जायच्या. त्यांच्या अंगणात एक आखूड बांध्याची जुनी जीप होती, एका सरकारी खात्याच्या लिलावातून घेतलेली, चारही चाकांना जोर असलेली. तिच्यातून ते आम्हाला सोडायला निघाले. मागे दोन्ही बाजूंना आडव्या बाकड्या आणि वर फाटकं ताडपत्रीचं हूड. आई माझ्या शेजारी बसली होती. पारोळ्याच्या अलीकडे तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला आधी वाटलं तिला चक्कर आली. मग तिचा श्वास ऐकू आला, संथ, लांब. मी आबांना हात लावला, त्यांनी मागे वळून पाहिलं आणि ते पुन्हा पुढे बघायला लागले. एरंडोलपर्यंत याकूबमिस्त्री खड्डे चुकवत चालवत राहिले. घरापाशी जीप थांबली तशी आई जागी झाली, आणि घरात शिरल्यावर पुन्हा भिंतीला टेकून बसली.

त्यानंतर आबांनी ती जीप चार-दोन दिवसांसाठी मागून आणली आणि आईला घेऊन फिरायला लागले. कधी भुसावळच्या रस्त्याला, कधी नुसतं तलावाभोवती. चाकं फिरायला लागली की आई झोपायची. पुढे पुढे असं दिसलं की गाडी उभी केली तरी चालतं. फक्त ती उघड्यावर, झाडाखाली हवी आणि वर ते हूड हवं. घराचं छत तिला नको होतं. पण आखूड बाकडीवर बसल्या बसल्या झोपून तिची मान आखडायची. एका सकाळी आबांनी मला सांगितलं की त्यांनी जीप विकत घेतली आहे आणि तिच्यात आईसाठी एक खोली करायची आहे. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता कॅनव्हासच्या ताग्यावरची धूळ झटकत होते.

हल्ली माझा नातू मला मोबाईलवर गाड्या दाखवतो. आत पलंग, शेगडी, फ्रीज, छतावर सौरऊर्जेची पाटी, आणि गाडीत राहून डोंगर पाहत फिरणारी तरुण नवरा-बायको. तो म्हणतो, आजी, अशी घेऊ या का. मी बघते. आमच्या अंगणात जे चाललं होतं त्याला असं काही नाव असेल, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. आबांनी मागच्या बाकड्या काढल्या. हुडाचे जुने बाक आलेले पाइप काढून नवे, उंच पाइप याकूबमिस्त्रींकडून वाकवून आणले, म्हणजे आत आईला मान न वाकवता बसता येईल. ओसरीतलं एक मशीन पुन्हा सुरू झालं. जाड कॅनव्हास दुहेरी दुमडून शिवायचा, मी एका टोकाला कापड ताणून धरायची आणि आबा पायडल मारायचे. दोन्ही बाजूंना गुंडाळून वर बांधता येतील असे पडदे केले, त्यांच्या आत मच्छरदाणीची जाळी. मागचा फाळका, खाली पडणारं ते दार, साखळीवर आडवा थांबेल असा केला. त्यावर वातीचा स्टोव्ह आणि परात मावायची. पाण्यासाठी कॅनव्हासची छागल शिवून बाहेरच्या अंगाला टांगली, ती वाऱ्याने गार व्हायची. आई स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं पाहायची. ते कुणासाठी चाललंय हे तिला कळत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

पलंग आबांनी एकट्यानेच केला. मी कॉलेजला गेले असताना त्यांनी सागवानी फळ्या कुठून तरी आणल्या, रंधून बेतशीर कापल्या आणि दोन्ही चाकांच्या उंचवट्यांवर आडव्या बसवल्या. खाली डब्यांसाठी पेटी, तीही सागवानीच. फळ्या जाड होत्या, उचलताना दोघं लागायची. याकूबमिस्त्री एकदा पाहायला आले तेव्हा त्यांनी गाडीची मागची बाजू दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. ते आबांना म्हणाले की इसमें घर मत बांधो, मागचे पाटे, स्प्रिंगच्या पट्ट्या, थकेल शेतस, गाडी हलकी ठेवा, कापड ठेवा, लाकूड काढा. आबांनी ऐकून घेतलं. लाकूड काही काढलं नाही.

याच सुमाराला मामा आले. आईचं माहेर पारोळ्याजवळचं. मामा तिच्याहून लहान, पण वडील गेल्यापासून तिकडचे कर्ते. अंगणातली जीप, तिच्यावरची उंच ताडपत्री आणि आत झोपलेली बहीण पाहून ते कितीतरी वेळ चपला न काढता उभे राहिले. मग ओसरीत बसून त्यांनी स्वतःला जे वाटत होतं ते आबांना सांगितलं. गावात लोक काय बोलतात, एका बाईला गाडीत निजवतात म्हणून. त्यांच्या ओळखीने एका मोठ्या शहरातल्या वेड्यांच्या दवाखान्यात सोय होणार होती. तिथे ठेवलं तर सहा-आठ महिन्यांत माणूस सुधारतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मामा वाईट माणूस नव्हते. बोलताना त्यांचे डोळे भरून येत होते.

"दाजी, अक्काले मी लई जास," ते म्हणाले. "तुमनाकडतून हाई व्हनार नही."

आबांनी एवढंच मागितलं की तिला न्यायच्या आधी एकदा सातपुड्यात जाऊन येऊ द्या. तिकडे शांत आहे, हवा थंड आहे. आल्यावर तुम्ही म्हणाल तसं करू. मामा कबूल झाले. ते गेल्यावर आबा बराच वेळ ओसरीत बसून राहिले आणि पहिल्यांदाच मला वाटलं की हा माणूस किती वाळला आहे. गालाची हाडं वर आली होती. पण मी तेव्हा आईच्या काळजीत होते, आम्ही सगळेच होतो, त्यामुळे ते पाहिलं आणि विसरून गेले.

आम्ही तिघंच निघालो. धुळ्याला याकूबमिस्त्रींनी चाकांतली हवा पाहून दिली, शिरपूर मागे पडलं, बोराडीच्या पुढे डांबर संपलं आणि लाल मातीचा चढ लागला. आई मागे पलंगावर झोपली होती, पडदे अर्धे वर होते. जीप नाल्यात उतरायची, दगडांवरून डुलत वर निघायची, आणि प्रत्येक वेळी मागून लाकडाचा एक जड धक्का बसायचा. आबा ओठ दाबून चालवत होते. दुपार व्हायच्या आत, एका सुक्या ओहोळातून वर चढताना, मोठा कडाक् आवाज झाला आणि गाडी एका अंगावर बसली. आबांनी खाली उतरून वाकून पाहिलं. मागचा मोठा पाटा मधोमध तुटला होता. याकूबमिस्त्रींचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

जवळच पावरा लोकांचा पाडा होता, पाच-सहा झोपड्या. तिथून एक म्हातारेबाबा आले, मोडक्यातोडक्या अहिराणीत त्यांनी काय झालं ते विचारलं. शिरपूरला जायला आता दुसऱ्या दिवशीच्या सकाळी गाडी मिळणार होती. तिने जाऊन आबांनी नवा पाटा आणायचा, तोवर आम्ही तिथेच थांबायचं, असं ठरलं. आईला आम्ही मोहाच्या झाडाखाली बसवलं. धक्क्याने तिची झोप मोडली होती, पण ती घाबरलेली नव्हती. मी फाळका आडवा करून स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. तुटलेला पाटा सोडवायला आबा जॅक लावून गाडी उचलायला लागले, पण मागे वजन फार होतं, जॅक मातीत रुतायला लागला. मग त्यांनी पेटी काढली, डबे काढले, आणि शेवटी पलंगाच्या फळ्या एकेक करून सोडवून झाडाखाली आणून ठेवायला लागले.

शेवटची फळी आईच्या समोर उलटी पडली. तिच्या खालच्या बाजूला एक काळा गोल डाग होता, डासांची अगरबत्ती टेकून जळाल्याचा. आईने हात पुढे केला, त्या डागावरून बोटं फिरवली, मग फळीच्या कडेवरून, मग पुन्हा डागावरून. आबा तिथल्या तिथे थांबले.

"हाऊ सुधीरना पलंग शे," आई म्हणाली.

इतक्या महिन्यांत त्याचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. आई शहरात आल्यापासून आमच्याशी साधं मराठी बोलायची, पण त्या दुपारी ती माहेरच्या बोलीतच बोलली. आबांनी मान डोलावली. ते म्हणाले की पलंग मी माळ्यावर ठेवला होता, कुणाला देववत नव्हता आणि टाकवतही नव्हता. वाटलं, तू निदान त्यावर आडवी तरी होशील. तुला सांगायला मात्र धीर झाला नाही.

आई फळीकडेच बघत होती. "मना डोया लागना," ती म्हणाली, "अन् तो गया."

मग तिने सांगितलं, थांबत थांबत. कितीतरी दिवस ती त्याच्या उशाशी जागी होती. त्या दुपारी पलंगाच्या पायाला डोकं टेकलं, घटकाभरच. जाग आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं आणि सुधीरचा हात गार होता. मी जागी असते तर तो गेला नसता, असं तिने म्हटलं नाही. पण इतके महिने ती डोळे उघडे ठेवून का बसली होती, ते मला तिथे, त्या मोहाखाली, कळलं.

आबा तिच्यासमोर मातीत बसले. त्यांच्या हाताला ग्रीस लागलं होतं, ते त्यांनी धोतराला पुसलं.

"मी जागा होतो," ते म्हणाले. "तू झोपलीस तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बसलो होतो. त्याच्याकडेच बघत होतो. मी जागाच होतो. तरी गेला. मग मी डॉक्टरांना आणायला पळालो, तेव्हा तू उठलीस."

आईने पहिल्यांदा वर पाहिलं. तिने विचारलं, तो काही बोलला का.

"पाणी मागितलं."

"पिना?"

"हो. घोटभर प्यायला."

"आखो काही?"

"तू झोपलीस म्हणून मला हळू बोलायला सांगितलं. मग मी तुला उठवलं नाही. उठवायला हवं होतं की नको, हे मला अजून कळत नाही."

चहाचं आधण उतू जाऊन स्टोव्ह विझला होता. मला तो पुन्हा पेटवायचं सुचलं नाही. आई रडली, पण मोठ्याने नाही. आबा तिच्याजवळ सरकले नाहीत आणि उठूनही गेले नाहीत. दोघांच्या मध्ये ती फळी तशीच उलटी पडून होती. वर मोहाच्या पानांत कुठलेतरी पक्षी भांडत होते, पाड्यावरून कुणाच्या तरी लाकडं फोडण्याचा आवाज येत होता.

बऱ्याच वेळाने म्हातारेबाबा परत आले. फळ्यांकडे बघून त्यांनी विचारलं की हे लाकूड परत गाडीत घालायचं आहे का. बिबट्या शेळ्या उचलतो, त्यांच्या गोठ्याला धड दार नव्हतं. आबा काही बोलणार तेवढ्यात आई म्हणाली की बठ्ठं घी जा, बाबा, एकही फळी ठेवू नका. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच एका टोकाला हात घालून फळ्या उचलू लागले. त्या पाड्यावर नेऊन टाकायला त्यांना दोन फेऱ्या लागल्या. परत आले तेव्हा मागून रिकामी झालेली जीप जॅकवर सहज उचलली गेली होती. मीच दांडा फिरवला होता.

आता झोपायचं कशावर, हा प्रश्न होता. ताडपत्र्यांच्या कडांना लावायची नवार आबा प्रवासात नेहमी जवळ ठेवत, बांधाबांधीला उपयोगी पडते म्हणून. आईने तो गुंडाळा मागून घेतला. हुडाच्या दोन्ही बाजूंच्या पाइपांच्या बुडाशी तिने नवारीचं एक टोक बांधलं आणि आधी लांबीने, मग आडवी एकाखालून एकावरून अशी विणायला घेतली. प्रत्येक फेरा गुडघा टेकवून ताणायची. तिच्या माहेरी सगळ्या बाजा अशाच विणलेल्या असत, हे ती विणता विणता मला सांगत होती. किती दिवसांनी ती मला काहीतरी सांगत होती. तासाभरात जीपमध्ये बाज तयार झाली. एका हाताने उचलता येईल एवढंच तिचं वजन.

घरी परतल्यावर पुष्कळ काही झालं. मामांना आबांनी त्या दुपारचं सांगितलं आणि मामा ओसरीत बसून लहान मुलासारखे रडले. दवाखान्याचा विषय त्यांनीच सोडला. आईला घरात अंथरुणावर झोपायला लागायला आणखी वर्ष गेलं, आणि तोवर, व त्यानंतरही कितीतरी वर्षं, आम्ही त्या जीपमधून फिरलो. पद्मालयाला, उनपदेवला, सावद्याच्या काकांच्या केळीच्या बागेत. जीपमध्ये पुढे काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे आईच ठरवायची, आणि ती नेहमी काढायच्याच बाजूची असायची. आबा आणि आई दोघंही आता नाहीत. पण हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते त्या दुपारच्या उरलेल्या तासांसाठी.

बाज विणून झाल्यावर आईने आबांना म्हटलं की जरा पडून पाहा, मधे झोळ येतो का. आबा चप्पल काढून आत शिरले, उताणे पडले, कुशीवर वळून पाहिलं. मधे झोळ नाही, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं असावं. ते वाक्य पुरं झालं नाही. आई थांबून ऐकत राहिली. मग तिने वाकून पाहिलं आणि माझ्याकडे वळली, तोंडावर हात ठेवून. तेव्हा आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं की इतक्या महिन्यांत या माणसाला झोपलेलं आम्ही पाहिलंच नव्हतं. आईला जेव्हा जेव्हा जाग यायची, तेव्हा ते गाडी चालवत असायचे, नाहीतर बाहेर बसलेले असायचे. मी सकाळी उठायचे तेव्हा ते दुकानात गेलेले असायचे. ते कधी झोपतात, हे कुणी विचारलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं तसं ते जीपच्या आत, आबांच्या तोंडावर यायला लागलं. त्या बाजूच्या पडद्याची दोरी धक्क्यात तुटली होती. आई चाकापाशी उभी राहिली आणि पडदा खाली ओढून तिने तो हाताने धरून ठेवला. मी म्हटलं, मी धरते, तू बस. तिने नको म्हणून मान हलवली. म्हातारेबाबा तांब्यात शेळीचं दूध घेऊन आले आणि दुरूनच काहीतरी मोठ्याने विचारायला लागले.

"हळू बोला, बाबा," आई म्हणाली. "ते जपेल शेतस."

गाडीत कुणी झोपलंय हे ऐकून बाबांनी तांब्या दगडावर ठेवला आणि ते पाय न वाजवता परत गेले. आई तशीच उभी राहिली, सूर्य डोंगराआड जाईपर्यंत, पडदा धरून.